बियाण्याची उगवण बघता, पोराचं वाचन कधी बघणार?

मृग निघायच्या आधी आपण घरच्या सोयाबीनची उगवण तपासतो. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर ओळीने मांडायचे, पोते गुंडाळून सावलीला ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर नेहमीसारखी पेरणी. थोडे कमी निघाले तर एकरी बी वाढवायचे. फारच कमी निघाले तर ते पोते सरळ मोंढ्यावर. यासाठी कुणी साहेब बांधावर यावा लागत नाही, की कुठला अहवाल लागत नाही. ज्याला पेरायचे आहे तो स्वतः मोजतो.

गेल्या मे महिन्यात मी याच उद्योगात होतो. कृषी खात्याचे एक पत्रक घरात होते. चष्मा सापडेना, म्हणून पुतण्याच्या मुलाला हाक मारली. चौथी पास होऊन पाचवीत निघालेला. म्हटलं, "बाळा, हे जरा वाचून दाखव." "वाचतो की आबा," म्हणाला आणि कागद हातात घेऊन उभा राहिला. "शं... शंभर... दा... दाने..." इथपर्यंत आला आणि 'ओल्या'पाशी थांबला तो थांबलाच. 'पोत्यावर' तर त्याने सोडूनच दिले. मग म्हणाला, "आबा, पुस्तकातलं वाचू का?" पुस्तक आणले आणि धडा असा धडाधडा म्हटला की ऐकत राहावे. मला शंका आली म्हणून पानाचा खालचा अर्धा भाग तळहाताने झाकला. पान हाताखाली, आणि पोरगं आपलं पुढंच चाललंय! धडा पाठ होता. वाचत नव्हताच तो.

त्याच्या वह्या मी काढून पाहिल्या. अक्षर मोत्यासारखे. पानोपानी लाल शाईची बरोबरची खूण. फळ्यावरचे बघून वहीत उतरवायचे यात पोरगा पटाईत. घरच्यांना वाटत होते, वही भरली म्हणजे लेकरू शिकले. मी स्वतः शाळेच्या समितीवर काही वर्षे बसलेला माणूस. किती वेळा वह्या चाळून मान डोलावली असेल! पण एका पोराला तरी नवा कागद हातात देऊन "वाच" म्हटले होते काय? नाही म्हटले.

ही एका घरची गोष्ट असती तर पेपरात लिहायचे कारण नव्हते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशभर 'असर' नावाची पाहणी होते. जिल्ह्यातली तीस गावे, गावातली वीस घरे, आणि घरी बसलेल्या पोराच्या हातात एक कागद. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या तोडीच्या चार ओळी आणि दुसरीच्या तोडीची छोटी गोष्ट. पोराला जेवढे येईल तेवढे. देशातल्या सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ साली शंभरात २१ होती. कोरोनाच्या शाळाबंदीनंतर, २०२२ साली, ती १६ वर आली. २०२४ साली २३ झाली. आपल्या राज्याचा आकडा देशापेक्षा बरा निघतो, ही समाधानाची गोष्ट. पण बरा म्हणजे किती, तर तिथेही तिसरीतली निम्म्याहून जास्त पोरे त्या गोष्टीपाशी अडतात. शंभर दाण्यांत एवढेच कोंब निघाले असते तर आपण ते बियाणे कुणाच्या दारात उभे केले असते!

तिसरीचेच एवढे का, असे कुणी विचारील. तिसरीपर्यंत पोर वाचायला शिकते, तिथून पुढे वाचून शिकते. परिसर अभ्यासाचे पान, गणितातले शाब्दिक उदाहरण, प्रश्नपत्रिकेतली सूचना, सगळे वाचता येते असे धरूनच लिहिलेले असते. ज्याला वाचता येत नाही त्याला गणितही येत नाही असे आपण म्हणतो, आणि त्याला खरे तर गणितातली मराठीच कळलेली नसते. असे पोर वर्गात मागे सरकते, गप्प बसते, सहावी-सातवीत शेळ्यांमागे जाऊ लागते. आपण म्हणतो, डोक्यानं मंद आहे. बाजारात मात्र तेच पोर शेळीच्या सौद्याचा हिशेब तोंडी करते!

ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याने यावर आपला उपाय काढला आहे. सकाळी पिवळी गाडी येते आणि गावातली निम्मी पोरे तालुक्याच्या इंग्रजी शाळेला नेते. तिथे वाचन येते का, हा निराळा विषय. मी पाहिलेल्या काही पोरांना ना धड इंग्रजी वाचता येते ना मराठी, पण टाय असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती सालगड्याची, ऊसतोड्याची, तांड्यावरची, विधवा बाईची लेकरे. म्हणजे ज्या घरात पुस्तक उघडून शेजारी बसायला कुणी नाही, नेमकी तीच. त्यांना वाचायला शिकवायची जागा फक्त शाळा, आणि पट कमी झाला म्हणून तिचाही मास्तर निघून जायची भीती.

आता मराठी वाचणे हे काम मोठ्या माणसाला वाटते तितके सोपे नाही. तीस-पस्तीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे, म्हणजे चारशेच्या आसपास आकार सहा वर्षांच्या पोरापुढे येतात. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. एकटा 'र' बघा: रान, सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या. पाच ठिकाणी पाच सोंगे. पोर गोंधळणार नाही तर काय करणार?

यात आपली जुनी रीत अशी की आधी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य. सहा-सात महिने पोर सुटी अक्षरेच गिरवते. 'ऋ' आणि 'ञ' शिकते, जे त्याला वर्षभरात कुठे भेटत नाहीत, आणि काना भेटतो दिवाळीनंतर. तोवर त्याला एकही कामाचा शब्द वाचून झालेला नसतो. वाचण्यात काही मजा असते हेच त्याला माहीत होत नाही.

दुसरी रीत आहे आणि ती काही परदेशातून आणायची नाही. साताऱ्याच्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन या बाईंनी, जन्माने अमेरिकन पण पुढे भारताच्या नागरिक झालेल्या, १९७८ साली वस्तीतल्या शाळेबाहेरच्या पोरांना वाचायला शिकवण्यापासून काम सुरू केले. अक्षरे थोडी थोडी, गटाने घ्यायची, काना-मात्रा त्यांच्याबरोबरच आणायच्या आणि लगेच शब्द वाचायला द्यायचे. क, म, र, ल, स, न ही सहाच अक्षरे आणि एक काना घेऊन बघा: मका, रान, रास, माल, कासरा, मामा, काका, नाक, कान. 'त' आणि 'आ' मिळवा, की 'मामा रानात आला' हे अख्खे वाक्य तयार. पंधरा दिवसांत पोर घरी येऊन सांगेल की मी 'कासरा' वाचला. ज्या पोराने कासरा हातात धरलेला आहे त्याला तो शब्द वाचताना काय वाटत असेल!

आणखी एक गोष्ट, जी शाळा तपासायला येणाऱ्यांच्या तक्त्यात बसत नाही. पुस्तकात 'भाजी', घरी 'माळवं' नाहीतर 'कोरड्यास'. पुस्तकात 'आई', घरी 'माय', तांड्यावर 'याडी'. उमरगा भागात कित्येक घरांत कन्नड, शहराच्या गल्ल्यांत उर्दू, तुळजापूर-लोहाऱ्याच्या तांड्यांवर गोरमाटी. पोर पहिल्या दिवशी जी भाषा घेऊन येते ती चुकीची आहे असे त्याला सांगितले की ते तोंडच मिटते, आणि मिटलेल्या तोंडाला वाचायला कसे शिकवणार? जे गुरुजी पोराने सांगितलेले वाक्य, 'आमची शेळी याली' असले तरी, तसेच फळ्यावर लिहून त्याच्याकडून वाचून घेतात, त्यांच्या वर्गातली पोरे बोलती होतात. 'व्याली' नंतर शिकवता येते. शेळीला घाई नाही.

हे माझ्या पदरचे नाही. २०११ ते २०१६ या काळात पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर तालुक्यात पहिली ते तिसरीच्या मुलांचा वाचन-लेखनाचा अभ्यास झाला. वर्षानुवर्षे त्याच मुलांच्या मागे राहून केलेला. यादगीर म्हणजे एकेकाळी आपल्यासारखेच निजामाच्या राज्यातले. दोन्हीकडे दिसले ते असे की बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरचे उतरवण्यात जातो, अर्थाकडे कुणी जात नाही, आणि तीन वर्षे शाळेत काढूनही पुष्कळ मुले साधा मजकूर समजून वाचू शकत नाहीत. म्हणजे माझ्या नातवाची मोत्यासारखी वही यादगीरलाही आहे.

योजनांचा दुष्काळ मात्र आपल्या जिल्ह्यात कधी पडला नाही. १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला तेव्हा राज्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपण होतो. मग सर्व शिक्षा अभियान. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र. त्या वेळी साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला राज्यभरातून गुरुजी गेले. तिथे पोरे साहित्य हातात घेऊन, गटात बसून शिकत होती. परत आल्यावर पुष्कळ ठिकाणी नुसत्या फरश्या रंगल्या आणि पोरे पुन्हा ओळीत बसली. २०१८ साली आपला जिल्हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत गेला. मागास म्हणायचे नाही म्हणून आकांक्षित, एवढे आपल्याला कळते. २०२१ सालापासून निपुण भारत आहे आणि तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता यावे यासाठी तिने २०२६-२७ हे साल धरले आहे. ध्येय उत्तम आहे. यातली एकही योजना वाईट नव्हती. पण प्रत्येक योजना आली तशी तिची माहिती भरायची वहीही आली, आणि पुढे वहीच्या जागी मोबाईल आला.

दोनशिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग दोघांत वाटलेले असतात. त्यातले एक गुरुजी बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले की दुसऱ्यांकडे सगळी शाळा. शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून दुसरे अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. पण खिचडीचा हिशेब, फोटो, ऑनलाइन माहिती ही कामे कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत आणि रोज करावी लागतात. गुरुजी शिकवत नाहीत अशी बोंब मारणे सोपे. त्यांचा एक दिवस त्यांच्याबरोबर काढून बघा. असेही गुरुजी आहेत की ज्यांना दिवस मोकळा दिला तरी मोबाईलच पुरतो, हे मलाही ठाऊक आहे. पण पहिलीचा वर्ग कुणाकडे द्यायचा हे ठरवताना आपली समिती काय करते? जो नवा, जो गरीब, त्याच्या गळ्यात पहिली. खरे तर गावातल्या सगळ्यात चांगल्या मास्तरणीला किंवा मास्तरला पहिली-दुसरी दिली पाहिजे आणि तो वर्ग चालू असताना तिला कुणी कार्यालयात बोलावता कामा नये.

आता ऊसतोडीचे. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागात ज्याच्या घरी कोयता आहे त्याला हे सांगायला नको. पोर जूनमध्ये पहिलीत बसते. दसरा-दिवाळीला टोळी निघाली की आई-बापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परत येते ते पाडव्याच्या आगेमागे. तोवर वर्गात काना, मात्रा, वेलांटी सगळे होऊन गेलेले. दुसऱ्या वर्षी तेच. दोन वर्षांत पोर धड दहा महिने शाळेत बसत नाही आणि तिसरीच्या हजेरीपटावर मात्र त्याचे नाव असते. यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. पोर गावातच आजी-आजोबांजवळ राहते आणि जेवणखाण शाळा व्यवस्थापन समिती बघते. पण त्याची यादी टोळी निघायच्या आधी व्हावी लागते. मुकादमाने उचल दिली की गावात कोण जाणार हे सगळ्यांना माहीत असते. म्हणजे गणपतीतच यादी होऊ शकते. ती गाड्या भरल्यावर करायला घेतली तर पोर कधीच उसाच्या फडात पोहोचलेले असते. सरपंच आणि ग्रामसेवक, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, यांनी एवढे एक काम वेळेवर केले तरी त्यांचे उपकार होतील.

मला सुरुवातीला वाटले होते, ग्रामसभेत सगळ्या पोरांना उभे करून वाचायला लावावे म्हणजे गाव जागे होईल. वाचून आणि विचारून पाहिले तेव्हा कळले की तेवढ्याने भागत नाही. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात हा प्रयोग रीतसर झालेला आहे. काही गावांत सभा घेऊन लोकांना शाळेच्या समितीची आणि तिच्या हक्कांची माहिती दिली, काही गावांत पोरांचे वाचन गावानेच तपासले. लोक चुकचुकले, घरी गेले. शाळेत काही फरक पडला नाही. मात्र ज्या गावांत तरुणांना थोडे शिकवून शाळेबाहेर वाचनाचे वर्ग लावले, तिथे वर्गाला आलेली पोरे खरोखर पुढे सरकली. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना अक्षरे आली. आलेली पोरे थोडीच होती, हाही त्या प्रयोगाचाच भाग. पुढे त्याच राज्यात २०१३-१४ साली शाळेतच, वर्ग बाजूला ठेवून, तिसरी ते पाचवीच्या पोरांना येते तेवढ्यावरून गट करून बसवले. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्टवाले तिसरीकडे. वर्षाकाठी पन्नासेक दिवसांची शिबिरे. त्यात पोरे वाचायला लागली.

यात चमत्कार काही नाही. आपणही वासराला आणि बैलाला एका जुवाखाली जुंपत नाही. पण शाळेत आपण पाचवीतला अक्षर न येणारा आणि पाचवीतला पेपर वाचणारा यांना एकच धडा देतो, कारण दोघांचे वय सारखे.

गुरुजी मंडळींपैकी कुणी म्हणेल, आता गाव आमची परीक्षा घेणार काय? नाही. पोराला दम देऊन चारचौघांत उभे करायचेही नाही. त्याने ते पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही. एकेकाला जवळ बसवून, पुस्तकाबाहेरची चार ओळी, हसत-खेळत. आणि निकाल भिंतीवर लावायचा नाही. गट करायचे, एवढाच त्याचा उपयोग. पुस्तकांचेही बघा. शाळेत गोष्टीची पुस्तके येतात आणि कपाटात राहतात, कारण फाटली तर जबाबदारी कुणाची? समितीने एक ठराव करून टाकावा की फाटलेल्या पुस्तकाबद्दल कुणाला विचारणा होणार नाही. कोऱ्या करकरीत पुस्तकाबद्दल मात्र विचारणा व्हावी.

या जिल्ह्याला हे नवीन नाही. निजामी अमलात उर्दूचा जोर असताना हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा उभी राहिली, जिथे पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. तेव्हा ना अनुदान होते ना गणवेश. आपल्याकडे आज इमारत आहे, पुस्तके फुकट आहेत, गुरुजी पगारी आहेत. कमी आहे तो संध्याकाळचा एक तास.

आमच्या गावात हा तास सुरू करायचे ठरले आहे. बारावी झालेल्या आणि घरी बसलेल्या दोन मुली तयार आहेत. त्यांना मानधन काय द्यायचे यावरून पंचायतीत दोन बैठका झाल्या. महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून बसते का, हे आता तालुक्याला विचारायचे आहे. तोवर पाच घरांनी मिळून पहिल्या तीन महिन्यांचे कबूल केले. शाळेच्या गुरुजींनी आपणहून कपाटाची किल्ली दिली, हे मुद्दाम लिहितो. जागा मारुतीच्या देवळाची ओसरी, वेळ दिवेलागणीनंतर, कारण त्याआधी पोरे जनावरांमागे असतात.

माझा नातू पहिल्याच दिवशी शब्दांच्या गटात बसला. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान पोरे शेजारी, म्हणून आधी रुसला. परवा त्याला घेऊन कळंबच्या बाजाराला गेलो होतो. स्टँडवर एस.टी. लागली, तिच्या पाटीकडे तो तोंड हलवत बराच वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, "आबा, ही भूमची हाय. आपली न्हाई." मी चष्मा लावून पाहिले. भूमचीच होती.